वसईचे गोन्सालो आणि क्योतोची मुले

दर वर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा जपानच्या सव्वीस रक्तसाक्षींचा सण साजरा करते. मिस्साग्रंथात त्या दिवशी 'संत पौल मिकी आणि सोबती' असे छापलेले असते. 'सोबती' हा शब्द वाचून आपण पुढे जातो. पण त्या सोबत्यांत एक आपला वसईकर आहे आणि तीन लहान मुले आहेत. वसईकराचे नाव संत गोन्सालो गार्सिया. मुलांची नावे लुईस, अंतोनियो आणि थॉमस. लुईस बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा, थॉमस चौदा. म्हणजे आपल्याकडे रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात शेवटच्या बाकांवर बसून कुजबुजणाऱ्या मुलांच्या वयाची.

संत गोन्सालो म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर क्रूस आणि भाले येतात. चित्रात तेवढेच असते. त्यांचे मरण अर्थातच मोठे, पण ते एका सकाळचे. त्याआधी चाळीस वर्षांचे जगणे होते आणि त्यातली बरीच वर्षे परक्या देशात, परक्या भाषेत, दुसऱ्यांच्या मुलांना प्रार्थना शिकवण्यात, आजाऱ्यांना धुण्यापुसण्यात आणि दोन माणसांच्या मध्ये उभे राहून एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावून सांगण्यात गेली. आज आम्ही त्या रोजच्या कामाविषयी लिहीत आहोत.

दिंडोशीकरांना वसई काही परकी नाही. मालाडला किंवा गोरेगावला विरार गाडीत चढले की भाईंदरची खाडी ओलांडून आपण तिथे पोहोचतो. धर्मग्रामातल्या कितीतरी घरांचे आजोळ तिकडचे. जुन्या काळी तर नाते याहून जवळचे होते. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने तहात वसई पोर्तुगिजांना दिली, तेव्हा साष्टी बेटही, म्हणजे आपले दिंडोशी, मालाड, गोरेगाव हे सारे, तिच्याबरोबर गेले. वसई हे मुख्य ठाणे आणि आपण तिच्या आसपासची गावे. फ्रान्सिस्कन मठवासी बोरिवलीच्या मंडपेश्वरला येऊन राहिले. येशूसंघीय वसईच्या कोटात आणि पुढे वांद्र्याला आले. अंधेरीला आज सीप्झच्या आवारात जे संत योहान बाप्तिस्ताचे पडके चर्च उभे आहे, ते १५७९ साली बांधले. त्या वर्षी गोन्सालो तेवीसच्या आसपास होते आणि जपानमध्ये धर्मशिक्षकाचे काम करीत होते.

त्यांचा जन्म १५५६च्या सुमारास वसईला झाला. वडील पोर्तुगीज शिपाई आणि आई इथली, असे बहुतेक चरित्रकार लिहितात. कोटातल्या येशूसंघीयांच्या शाळेत मुलगा वाढला. येशूच्या पवित्र नावाला वाहिलेल्या त्यांच्या चर्चचा दर्शनी भाग आजही वसईच्या किल्ल्यात उभा आहे. सहलीला गेलेल्या मुलांनी त्याच्यासमोर फोटो काढलेले आपण पाहतो. त्याच आवारात गोन्सालो वाचायला, लिहायला आणि मिस्सेची सेवा करायला शिकला. फादर सेबास्तियन गोन्साल्विस हे त्याचे गुरू. फादरांची रवानगी जपानला झाली तेव्हा त्यांनी या मुलाला बरोबर घेतले. साल १५७२, मुलाचे वय पंधरा-सोळा.

आज पंधरा वर्षांच्या मुलाला आपण चर्चगेटपर्यंत एकटे पाठवताना दोनदा विचार करतो. तेव्हा वसईहून गोवा, तिथून मलाक्का, मग मकाव आणि मग जपान असा प्रवास होता. वारा अनुकूल असला तरच जहाज सुटायचे, नाही तर बंदरात महिनेच्या महिने पडून राहायचे. आईला पुन्हा भेटण्याचा भरवसा नाही. या आईविषयी इतिहासाने जवळजवळ काहीच लिहून ठेवलेले नाही आणि आम्हाला वाटते की तिची आठवण या सणाला कुणीतरी काढायला हवी.

जपानमध्ये गेल्यावर पहिली अडचण भाषेची. मोठे विद्वान पाद्री या भाषेपुढे हात टेकत. तिच्यात समोरच्या माणसाच्या दर्जाप्रमाणे क्रियापद बदलते, शब्द बदलतो. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे, पण तिथे त्याच्या कितीतरी जास्त पायऱ्या. सरदाराशी एक बोली, शेतकऱ्याशी दुसरी. चुकीची पायरी पडली तर अपमान होतो. गोन्सालोने ही भाषा लवकर आणि उत्तम उचलली. घरी एक बोली, शाळेत पोर्तुगीज, प्रार्थनेत लॅटिन अशा तीन भाषांत वाढलेल्या वसईच्या मुलाला चौथी भाषा जड गेली नसावी असा आमचा अंदाज आहे. आपल्या चाळीतली आणि वस्तीतली मुले घरात एक, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलतातच की.

सुमारे आठ वर्षे ते तिथे धर्मशिक्षक होते. जपानच्या मिशनची एक पद्धत होती. पाद्री फार थोडे आणि गावे फार, म्हणून मिशनच्या घरात मुलगे आणि तरुण राहात. त्यांना दोजुकू म्हणत. ते झाडलोट करीत, वेदीवर सेवा करीत, शिकत आणि पुढे स्वतः शिकवीत. गोन्सालोचे काम अशाच मुलांमध्ये आणि खेड्यातल्या नव्या ख्रिस्ती कुटुंबांमध्ये होते. पाद्री बोलायचे ते लोकांना समजेल असे सांगायचे, मुलांकडून क्रूसाची खूण, आमच्या बापा आणि नमो मरिया पाठ करून घ्यायचे, आजाऱ्याच्या घरी जायचे, मेलेल्याला माती द्यायला उभे राहायचे. मुलांना प्रार्थना पाठ करून घेणे हे किती चिकाटीचे काम आहे ते आपल्या धर्मशिक्षक ताईंना विचारावे. गेल्या रविवारी पाठ झालेले या रविवारी विसरलेले असते.

त्याच मिशनमध्ये लुईस द आल्मेदा नावाचे एक गृहस्थ होते. ते मूळचे वैद्यकी शिकलेले व्यापारी. जपानात गरिबीमुळे नवजात बाळे मारली किंवा टाकली जातात हे पाहून त्यांनी १५५५ साली फुनाई शहरात, म्हणजे आजच्या ओइताला, स्वतःच्या पैशांतून अशा बाळांसाठी घर उघडले. दूध पाजायला दाया ठेवल्या आणि गाई बांधल्या. जपानी लोक त्या काळी गाईचे दूध पीत नसत, त्यामुळे याचा मोठा बोभाटा झाला. पुढे ते येशूसंघात धर्मबंधू म्हणून गेले आणि उतारवयात धर्मगुरू झाले. गोन्सालो जपानात पोहोचले तेव्हा आल्मेदा तिथेच होते. टाकलेल्या बाळाला उचलून घेणे हाही सुवार्तेचा भाग आहे, हे त्या मिशनला त्यांनी दाखवून दिलेले होते.

आल्मेदांना जे दार उघडले ते गोन्सालोंना उघडले नाही. येशूसंघात घ्यावे म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा विनंती केली. ती मान्य झाली नाही. त्या काळी भारतात जन्मलेल्यांना, विशेषतः मिश्र रक्ताच्या मुलांना, संघात घेण्याबाबत पूर्वेकडील वरिष्ठ नाखूश असत. हे कटू आहे, पण ते झाकून संतचरित्र लिहिण्यात अर्थ नाही. ज्या घरात लहानाचा मोठा झाला, ज्यांच्यासाठी ऐन तारुण्यातली वर्षे दिली, त्यांनीच आत घेतले नाही. आपल्यातल्या किती जणांनी अशा कारणाने चर्चची पायरी सोडली असती?

गोन्सालोंनी मिशन सोडले, श्रद्धा सोडली नाही. ते मकावला गेले आणि व्यापार करू लागले. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, धंदा चांगला चालला. व्यापाराच्या निमित्ताने फिलिपाइन्समधल्या मनिला शहरी जाणे झाले आणि तिथे त्यांना फ्रान्सिस्कन भेटले. हे अनवाणी चालणारे, पैशाला हात न लावणारे, भिक्षेवर राहणारे मठवासी. हातात पैसा खेळत असलेल्या माणसाला पैसा नसलेल्या माणसांची ओढ लागली. त्यांनी धंदा मोडला आणि संत फ्रान्सिसचा झगा घेतला. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा धर्मबंधू म्हणून. फादर नाही, ब्रदर. शेवटपर्यंत ते ब्रदरच राहिले.

फ्रान्सिसच्या नियमात अशा धर्मबंधूंसाठी एक सुंदर तरतूद आहे. धर्मगुरूंनी स्तोत्रांची प्रार्थना म्हणायची, आणि बंधूंनी त्याऐवजी दिवसभराच्या ठरलेल्या वेळांना मिळून शहात्तर वेळा आमच्या बापा म्हणायचे. स्वयंपाकघरात, बागेत, भिक्षा मागताना वाटेवर. गोन्सालोंची प्रार्थना ही अशी होती.

१५९२ साली जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे धमकीवजा निरोप धाडला, की मला मानवंदना द्या. गव्हर्नरने उत्तर देण्यासाठी दूत म्हणून फ्रान्सिस्कनांनाच पाठवले. पुढारी फादर पेद्रो बाप्तिस्ता, आणि दुभाषी धर्मबंधू गोन्सालो. १५९३च्या उन्हाळ्यात मंडळी जपानला पोहोचली. ज्याच्या एका शब्दावर माणसांची मुंडकी उडत त्या हिदेयोशीपुढे वसईचा हा अनवाणी माणूस उभा राहिला आणि भाषेची एकही पायरी न चुकता बोलला. बोलणे इतके नीट झाले की हिदेयोशीने त्यांना राहू दिले आणि क्योतो या राजधानीत जागाही दिली.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. हिदेयोशीने १५८७ सालीच परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. तो कडकपणे अमलात आलेला नव्हता, म्हणून येशूसंघीय गाजावाजा न करता काम करीत होते. फ्रान्सिस्कनांनी मात्र चर्च बांधले, घंटा वाजवली, उघडपणे मिस्सा केली. यावरून दोन्ही संघांत बराच वाद झाला आणि इतिहासकारांमध्ये तो अजून संपलेला नाही. आम्हाला इथे कुणाची बाजू घ्यायची नाही. पण मोठ्यांच्या धाडसाच्या सावलीत त्या घरातली मुलेही उभी होती, हे पुढे वाचताना लक्षात असू द्यावे.

क्योतोमध्ये १५९४ साली देवदूतांच्या राणीचे चर्च उभे राहिले. त्याच्याजवळ संत अन्ना आणि संत योसेफ यांच्या नावांची दोन इस्पितळे झाली. ती बहुतांशी कुष्ठरोग्यांसाठी आणि ज्यांना कुणी नाही अशा गरिबांसाठी होती. कुष्ठरोगी त्या काळी, आपल्याकडे तसेच तिथेही, गावाबाहेर टाकलेला माणूस. हे परदेशी आणि त्यांचे जपानी मदतनीस त्यांच्या जखमा धूत, पट्ट्या बांधत, भरवत. पैशाला शिवायचे नाही हा नियम, म्हणून तांदूळ मागून आणायचा. दारोदार मागायला ज्याला भाषा येते तोच जाणार, औषधवाल्याशी बोलायला तोच, सरकारी माणूस चौकशीला आला तर तोच, आणि पाद्र्यांनी कबुलीजबाब ऐकण्याएवढी भाषा शिकावी म्हणून त्यांची शिकवणी घ्यायलाही तोच. बाकीचे बंधू हळूहळू शिकत होते, पण पहिली दोन-तीन वर्षे या घराचा कान आणि जीभ गोन्सालो होते.

या घरात मुलेही आली. अंतोनियो हा नागासाकीचा, वडील चिनी, आई जपानी. लुईस इबाराकी हा पाउलो इबाराकी आणि लियो कारासुमा या दोघा भावांचा पुतण्या. हे दोघे काका फ्रान्सिस्कनांच्या कामात अगदी पुढे होते. थॉमसचे वडील मिगेल कोझाकी हे धनुष्यबाण बनवणारे कारागीर. फ्रान्सिस्कनांची घरे बांधायला त्यांनी मदत केली आणि मुलाला मठवासींकडे शिकायला ठेवले. मुले वेदीवर सेवा करीत, अक्षरे गिरवीत, इस्पितळात पाणी आणून देत, रोग्यांची कामे करीत. लुईस सर्वांत लहान आणि सर्वांत हसरा, असे त्याच्याविषयी लिहून ठेवले आहे. चीनचा बाप आणि जपानची आई असलेल्या अंतोनियोला, पोर्तुगालचा बाप आणि वसईची आई असलेल्या गोन्सालोंशी बोलताना काय वाटत असेल, हा विचार आमच्या मनात येऊन जातो. दोघेही दोन देशांमधली मुले.

त्या घराची आणखी काही माणसे पाहिली की घराची कल्पना येते. योआकिम साकाकिबारा स्वयंपाक करी. पाउलो सुझुकी संत योसेफच्या इस्पितळाची व्यवस्था बघे. कोस्मे ताकेया हा तलवारींना पाणी देणारा कारागीर. फ्रान्सिस्को नावाचा वैद्य होता, थॉमस दांगी औषधविक्रेता होता. सगळे संसारी किंवा कामकरी लोक, संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाचे सभासद. परदेशी मिशनरी म्हणून आपण एकट्यादुकट्या वीराचे चित्र काढतो. प्रत्यक्षात क्योतोचे काम आचारी, वैद्य, सुतार आणि पाणी भरणारी मुले यांच्या हातांवर चालले होते.

१५९६च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यावरचा माल जप्त झाला. भांडणात कुणीतरी असे बोलून गेले म्हणे, की स्पेनचा राजा आधी मिशनरी पाठवतो आणि मागून सैन्य. हे खरोखर बोलले गेले की नंतर जोडले गेले यावर वाद आहे. परिणाम मात्र झाला. ८ डिसेंबरला, म्हणजे अमलोद्भव मातेच्या सणादिवशी, क्योतो आणि ओसाका इथल्या मठांना पहारे बसले. कैद्यांची यादी झाली.

यादी करणाऱ्या शिपायांचा मुलांना धरण्याचा आग्रह नव्हता. लुईसला वगळायला ते तयार होते, पण आपलेही नाव लिहा म्हणून तो हटून बसला. आणखी एक प्रसंग असा की शिपायांनी मातियास म्हणून हाक मारली, तो माणूस बाजाराला गेला होता. शेजारचा त्याच नावाचा एक ख्रिस्ती पुढे आला आणि माझेही नाव मातियास आहे, मला घ्या, असे म्हणाला. शिपायांना संख्या भरायची होती. त्यांनी त्याला घेतले.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापल्या. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता, पण अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याने तो सौम्य केला. मुलांनाही वगळले नाही. मग गाड्यांतून शहरात धिंड काढली, तशीच ओसाका आणि साकाई इथे काढली, आणि तिथून नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभराची वाट, थंडीच्या दिवसांत. वाटेत कैद्यांची सेवा करायला दोन ख्रिस्ती मागोमाग येत होते, त्यांनाही शिपायांनी धरले. अशी संख्या सव्वीस झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक.

या वाटेवर गोन्सालोंनी काय केले असेल ते सांगायला फार कल्पना लागत नाही. बर्फातून चालणारी मुले, पाय सुजलेले, कान दुखणारा. पहारेकऱ्यांची भाषा नीट कळणारा मठवासी कोण, तर हेच. गेली साडेतीन वर्षे ते जे करीत होते तेच त्यांनी रस्त्यावरही केले असणार.

मिहारा इथल्या किल्ल्यात मुक्काम पडला असताना थॉमसने आईला पत्र लिहिले. ते पत्र पुढे त्याच्या वडिलांच्या अंगरख्यात, रक्ताने माखलेले, सापडले. चौदा वर्षांच्या मुलाचे पत्र. बाबा आणि मी दोघेही नागासाकीला क्रूसावर मरणार आहोत, तू काळजी करू नकोस, आम्ही तुझी स्वर्गात वाट पाहू, असा त्याचा आशय आहे. मरताना पाद्री जवळ नसला तरी पापांचा मनापासून पश्चात्ताप कर म्हणजे झाले, असे तो आईला समजावतो. आणि मग धाकट्या दोन भावांविषयी लिहितो. त्यांना श्रद्धा नसलेल्यांच्या हाती सोपवू नकोस, नीट वाढव. स्वतःसाठी काही मागणे नाही. मिशनच्या घरात त्या मुलाला काय मिळाले होते, हे आम्हाला त्या पत्रातून जेवढे कळते तेवढे इतर कशातून कळत नाही.

५ फेब्रुवारीला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रूस मांडून ठेवलेले होते. खिळे नव्हते, लोखंडी कड्या आणि दोर होते. कामाची देखरेख गव्हर्नरचा भाऊ तेराझावा हानझाबुरो याच्याकडे होती. बारा वर्षांच्या लुईसला पाहून त्याचे मन डळमळले. श्रद्धा सोड, मी तुला माझ्याकडे ठेवून घेतो, असे त्याने सुचवले. ख्रिस्ती म्हणून राहता येणार असेल तर येतो, असा लुईसचा पवित्रा. ते शक्य नाही म्हटल्यावर त्याने नकार दिला आणि आपला क्रूस कोणता ते विचारले. त्याच्या मापाचा लहान क्रूस केलेला होता. तो धावत त्याच्याकडे गेला. गोन्सालोही आपल्या क्रूसापाशी गेले, गुडघे टेकले आणि त्याला मिठी मारली.

अंतोनियोचे आईवडील नागासाकीचेच. ते टेकडीवर आले होते. तो नको म्हणेल, अजून परत फिरेल, या आशेने त्यांनी त्याची विनवणी केली. आई रडत होती. तेरा वर्षांच्या मुलाने तिची समजूत घातली. क्रूसावर चढवल्यावर त्याने फादर पेद्रो बाप्तिस्तांना मुलांनी प्रभूची स्तुती करावी असे सांगणारे लॅटिन स्तोत्र म्हणण्याची विनंती केली. आपल्या बायबलमध्ये ते एकशे तेरावे स्तोत्र. फादर ध्यानात मग्न होते, ऐकू गेले नाही. मग मुलांनीच ते सुरू केले. क्योतोच्या घरात शिकलेलेच ते. त्यानंतर भाले आले.

आता एक प्रश्न, जो पालक म्हणून आम्हाला टाळता येत नाही. मोठ्यांनी या मुलांना वाचवायला नको होते का? फादर पेद्रोंनी किंवा ब्रदर गोन्सालोंनी लुईसला दटावून घरी का पाठवले नाही? अंतोनियोच्या आईचे अश्रू कुणाच्या हिशेबात धरायचे? सणाच्या दिवशी आपण या मुलांचे धैर्य मुलांना सांगतो आणि ते सांगायला हवे. पण स्वतःचा मुलगा त्या जागी उभा करून पाहिला की घास घशात अडकतो. मुलांना कुणी भरीस घातले नाही, उलट सुटकेची वाट पुन्हा पुन्हा दाखवली गेली, हे खरे. शिपायांनी दाखवली, अधिकाऱ्याने दाखवली, आईबापांनी दाखवली. त्या वाटेची किंमत मात्र एकच होती, आणि मुलांना ती कळलेली होती. एवढे कळावे इतके त्यांना कुणी शिकवले, तर रोज त्यांच्याबरोबर पाणी भरणाऱ्या आणि कुष्ठरोग्याचे पाय धुणाऱ्या माणसांनी. इतपत आम्ही पोहोचतो. अंतोनियोच्या आईजवळ जाऊन तिला हे सांगण्याचे धाडस मात्र आम्हाला होत नाही.

पुढची हकिकत थोडक्यात. १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी या रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच, आपले गोन्सालो. दरम्यान १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली, कोटातली चर्चेस ओस पडली, त्यामुळे ज्या दिवशी रोममध्ये त्यांचे नाव घेतले गेले त्या दिवशी त्यांचे स्वतःचे चर्च छपराविना होते. जपानमध्ये तर अडीच शतके ख्रिस्ती धर्मावर बंदी राहिली. नागासाकीला सव्वीस रक्तसाक्षींच्या नावाने ओउरा इथे चर्च बांधले गेले आणि १८६५ साली त्याच्या दारात काही शेतकरी बायामाणसे आली. एवढी वर्षे पाद्रीविना, लपून, आईकडून मुलाकडे श्रद्धा सांभाळलेले हे ख्रिस्ती. थॉमसने आईला पत्रातून जे सांगितले होते ते त्या देशातल्या कितीतरी आयांनी, त्याचे पत्र न वाचता, केले.

१९६२ साली संतपदाला शंभर वर्षे झाली तेव्हा निशिझाका टेकडीवर स्मारक उभे राहिले. पोप दुसरे जॉन पॉल १९८१ साली आणि पोप फ्रान्सिस २०१९च्या नोव्हेंबरात तिथे जाऊन प्रार्थना करून आले. वसईत संत गोन्सालोंच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि किल्ल्यातल्या त्यांच्या चर्चमध्ये सणाच्या सुमारास मिस्सा होते. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी यंदा मुलांना घेऊन जावे. वसई रोड स्टेशनाबाहेरून किल्ल्याकडे बस आणि रिक्षा मिळतात.

निशिझाकाच्या स्मारकाच्या भिंतीवर सव्वीस जण ओळीने कोरलेले आहेत, काशाच्या पुतळ्यांत, क्रूसाविना, जणू नुसते उभे. हात जोडलेले, तोंडे किंचित उघडी, स्तोत्र म्हणत असल्यासारखी. रांगेत तीन आकृती इतरांपेक्षा बुटक्या आहेत. फोटो पाहताना त्या लगेच ओळखू येतात.